पडद्यावरचे अरण्य: आरेच्या रस्त्याची गोष्ट

मुंबईतील एका रस्त्याने आजवर काश्मीरची भूमिका केली, नैनितालची केली, कोकणातल्या गावाची केली, अनेक गुन्हेगारी मालिकांमध्ये ‘शहराबाहेरच्या सुनसान जंगलाची’ही केली. सत्तर वर्षांनंतर न्यायालयात प्रश्न उपस्थित झाला, की हे खरोखर जंगल आहे काय? आणि उत्तर सोपे निघाले नाही. गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीतून जाणाऱ्या त्या झाडांच्या रस्त्याचा हा इतिहास. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

नौपाड्यातून आरे गाठायचे तर वाट ओळखीचीच आहे. तीन हात नाक्यावरून पूर्व द्रुतगती मार्ग, तेथून जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता, पवईचा तलाव मागे टाकला की उजव्या अंगाला वसाहतीत शिरणारी वाट. जोडरस्त्यावर उड्डाणपूल, काचेच्या इमारती आणि ट्रक यांची गर्दी असते. वळण घेतल्यावर काही मिनिटांतच वरचे आकाश पानांनी झाकले जाते. दोन्ही बाजूंच्या पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यावर येऊन एकमेकींत मिसळलेल्या. मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा, जुलैत शेवाळलेली खोडे आणि उतारांवरून धावणारे पाणी. या रस्त्याचे अधिकृत नाव दिनकरराव देसाई मार्ग. ते सहसा कोणी घेत नाही. लोक ‘आरेचा रस्ता’ म्हणतात, आणि पहिल्यांदाच येणाऱ्यालाही तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. वाटणारच, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तो असंख्य वेळा येऊन गेला आहे.

ठाणेकरांना हा रस्ता परका वाटण्याचे तसे कारण नाही. आज ज्याला मुंबईची उपनगरे म्हटले जाते, तो साष्टीचा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि साष्टी त्यांच्या ताब्यात आली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोच किल्ला मराठ्यांकडून हिसकावला. इंग्रजी अमलातही साष्टीचा कारभार ठाण्यातून चाले. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० मध्ये. येऊरचा डोंगर आणि आरेची टेकाडे ही एकाच अरण्यपट्ट्याची दोन टोके आहेत. मध्ये आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेकडचा उतार ठाण्यात, तर दक्षिण-पश्चिमेकडचा गोरेगावात उतरतो. बिबट्याला या दोहोंतील महापालिकांची हद्द अजून कळलेली नाही.

आणखी एक धागा भाषेतला आहे. आरेच्या हद्दीत आजही सत्तावीस आदिवासी पाडे सांगितले जातात: खांबाचा पाडा, केलटी पाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा, मरोशी पाडा, प्रजापूर पाडा. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींची ही वस्ती. ‘नौपाडा’ या नावातला पाडा तोच. ठाण्यातल्या पाड्याचे शहर झाले, दुकाने आली, नाट्यगृह आले, शब्द तेवढा उरला. आरेत शब्दाबरोबर पाडेही उरले. पुढच्या गोष्टीत ते वारंवार बाजूला सारले जाणार आहेत, म्हणून त्यांची नावे आधीच नोंदवून ठेवलेली बरी.

रस्त्याची गोष्ट मात्र झाडांपासून सुरू होत नाही. ती म्हशींपासून सुरू होते.

१९४० च्या दशकातील मुंबईत दूध मिळे ते शहरातल्याच गोठ्यांतून. दाट वस्तीत, चाळींच्या अंगालाच म्हशींचे तबेले. शेण-मुताची विल्हेवाट नाही, चाऱ्याची सोय नाही, दुधात पाणी, आणि आटलेली म्हैस पोसणे परवडत नसल्याने तिची रवानगी थेट कत्तलखान्यात. चांगल्या जातीची जनावरे अशी दरवर्षी नष्ट होत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई वाढली आणि सरकारला दुधाच्या प्रश्नात हात घालावा लागला. त्यातून उभी राहिली ती मुंबई दूध योजना, आणि तिचे सूत्रधार होते दारा नसरवानजी खुरोडी.

मुंबई राज्याचे दूध आयुक्त झालेले हे पारशी गृहस्थ विलक्षण जिद्दीचे होते. तबेले शहराबाहेर हलवायचे, एका जागी ठेवायचे, सरकारी देखरेखीखाली दूध काढायचे, तेथेच ते निर्जंतुक करून बाटल्यांत भरायचे आणि पहाटे शहराच्या केंद्रांवर पोहोचवायचे, अशी त्यांची कल्पना. १९४९ मध्ये गोरेगावजवळ सुमारे १,२८७ हेक्टर जमिनीवर आरे दुग्धवसाहत सुरू झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे सोळा हजार जनावरे मावतील असे तीसेक तबेले बांधण्यात आले. प्रत्येकाला ‘युनिट’ म्हणत आणि क्रमांक देत. ते क्रमांक पुढे पत्ते बनले. आजही आरेतला रहिवासी ‘युनिट सातजवळ’ किंवा ‘युनिट बत्तीसच्या पुढे’ असेच सांगतो.

मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या सकाळी या वसाहतीने घडवल्या. पहाटे सरकारी दूध केंद्रापुढची रांग, हातातले कार्ड, काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट आणि बाटलीच्या तोंडावरचे ॲल्युमिनियमचे पातळ झाकण. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडींना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मिळाला. सरकारी वसाहत श्रेष्ठ की शेतकऱ्यांची सहकारी संस्था, हा त्या काळातला मोठा वाद होता. कुरियन आणि खुरोडी यांचे मुळीच पटत नसे. इतिहासाने कौल आणंदच्या बाजूने दिला. परंतु आणंदजवळ नसलेली एक गोष्ट खुरोडींनी करून ठेवली होती.

त्यांनी वसाहत सुंदर केली.

तबेल्यांच्या वसाहतीला बागेची काय गरज, असे कोणीही विचारले असते. खुरोडींच्या लेखी दुधावरचा विश्वास डोळ्यांतून यायचा होता. शहरातल्या माणसाने इथे यावे, स्वच्छ गोठे पाहावेत, हिरवळीवर बसून थंड दूध प्यावे आणि घरी जाऊन शेजाऱ्याला सांगावे. म्हणून टेकडीवर एक प्रेक्षणमंडप उभा राहिला, तळ्याकाठी बाग फुलवली गेली, नौकाविहार आला. त्या बागेचे नाव पडले ‘छोटा काश्मीर’. तबेल्यांचे शेणपाणी वापरून उतारांवर जनावरांसाठी पॅरा गवत वाढवले गेले, आणि वसाहतीतल्या वळणदार रस्त्यांच्या कडेला झाडे लावली गेली. त्यांत गुलमोहर होता, जो मूळचा मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष होता, जो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला. दोन्ही झपाट्याने वाढणारे, छत्रीसारखे पसरणारे. दहा-पंधरा वर्षांत सावली मिळते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वाटेच्या कडेला झाड लावणे ही आपल्याकडची फार जुनी राजवृत्ती आहे. अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांवर वड लावल्याचे, आंबराया केल्याचे आणि विहिरी खणल्याचे कोरून ठेवले आहे. माणसांना व पशूंना सावली मिळावी हा हेतूही सांगितला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त झाडांविषयी जे आहे, ते तर इतिहासप्रेमींना पाठच असायला हवे. आरमाराला लाकूड लागते, हे त्यात मान्य केले आहे. पण आंबा-फणसासारखी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, असा त्याचा आशय. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. बळजोरी करू नये. राज्याची गरज आणि झाडाचा धनी यांच्यातला हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीही होता. फरक एवढाच, की आंब्याच्या झाडाचा धनी कोण हे तेव्हा गावाला ठाऊक असे. आरेच्या झाडांचा धनी कोण?

तिकडे जाण्याआधी पडदा.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला आरे लवकरच सापडले. कारण व्यावहारिक होते: स्टुडिओपासून तासाभरात पोहोचता येते, सरकारी परवानगी एका कार्यालयातून मिळते, आणि रस्ता असा, की कॅमेरा थोडा वळवला की प्रांत बदलतो. बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ १९५८ मध्ये आला. कथा डोंगराळ प्रदेशातली, मुख्य चित्रण नैनितालच्या परिसरात झालेले. परत आल्यावर तिथल्या चित्रफितीचा बराच भाग धुकट निघाला. पुन्हा नैनितालला जाणे परवडणारे नव्हते. मग इगतपुरीकडे, वैतरणा धरणाच्या परिसरात पाइनची खोटी झाडे उभी करून, कृत्रिम धुके सोडून दृश्ये जुळवण्यात आली. काही भाग आरेत चित्रित झाला. हिमालय म्हणून प्रेक्षकांनी जे डोळे भरून पाहिले, त्यातला काही भाग नाशिक जिल्ह्याचा आणि काही गोरेगावच्या दुग्धवसाहतीचा होता.

चित्रपटगृहात एकदा पाहिलेले दृश्य विसरता येते. घरात दर आठवड्याला दिसणारे विसरता येत नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ‘छायागीत’ आणि रविवारचा हिंदी चित्रपट यांनी आधी मुंबईच्या आणि मग ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या चाळीचाळींत प्रवेश केला. ज्या घरी संच असेल तिथे अख्खा मजला जमे. झाडांच्या कमानीखालून जाणारी मोटार, सायकलवरची नायिका, पावसात भिजणारी जोडी ही दृश्ये या कार्यक्रमांतून पुन्हा पुन्हा घरात आली आणि ‘निसर्गरम्य रस्ता’ म्हणजे काय, याची प्रतिमा एका पिढीच्या मनात पक्की झाली. त्यातला कोणता रस्ता खंडाळ्याचा आणि कोणता आरेचा, हे कोणी विचारत नसे.

१९७७ मध्ये राज्य सरकारने आरेच्याच लगत चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. उपग्रह वाहिन्या आल्या, दैनंदिन मालिकांचे युग आले, आणि चित्रनगरीतले सेट बारमाही गजबजले. सेटवर घर असते, पण घराबाहेर पडायचे झाले तर रस्ता लागतो. मग शेजारचा आरेचा रस्ता हाताशी होताच. नायकाचा अपघात इथे, अपहरण इथे, पोलिसांना मृतदेह सापडतो तोही इथेच. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाने हा रस्ता इतक्या वेळा पाहिला, की त्याच्या मनात तो ‘जंगल’ या शब्दाचे चित्रच बनला.

अशी प्रसिद्धी झाडांना मानवतेच असे नाही. उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात ‘डार्क हेजेस’ नावाचा बीच वृक्षांचा रस्ता आहे. अठराव्या शतकात स्टुअर्ट घराण्याने आपल्या ग्रेसहिल या वाड्याकडे येणाऱ्या पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून ही झाडे लावली. २०१२ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात तो अवघे काही क्षण दिसला आणि जगभरातून बसगाड्या भरभरून माणसे येऊ लागली. मुळांवर वाहनांचा भार पडू लागला. २०१७ मध्ये तिथली वाहतूक बंद करावी लागली. बीचचे आयुष्य साधारण दीडशे ते दोनशे वर्षांचे, आणि झाडे ते ओलांडून गेलेली. २०१६ पासूनच्या वादळांत अनेक कोसळली, काही धोकादायक म्हणून तोडावी लागली. लावलेल्या सुमारे दीडशे झाडांपैकी आता निम्म्याच्या आसपास उरली आहेत. तिथे झाडांना वय आणि वारा नडला. आरेत जे झाले ते वेगळे.

आरेची जमीन सरकारची, आणि शहराच्या मधोमध. अशा जमिनीला सतत मागणी असते. चित्रनगरीला तुकडा गेला. राज्य राखीव पोलिसांना गेला. पशुवैद्यकीय महाविद्यालयाला, ब्रेडच्या कारखान्याला, २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘फोर्स वन’ या दलाला. प्रत्येक वेळी कारण योग्यच दिसे. दुधाची सद्दी तोवर संपली होती. गुजरातेतून आणि पश्चिम महाराष्ट्रातून पिशवीतले दूध येऊ लागले, काचेच्या बाटल्या गेल्या, ‘आरे’ हे नाव नाक्यानाक्यावरच्या स्टॉलपुरते उरले. ज्या कामासाठी वसाहत वसवली ते काम आटले, आणि कामासोबत शोभेसाठी लावलेली झाडे मात्र ऐन भरात आली.

मग आला भुयारी मेट्रोचा प्रकल्प. कुलाबा–वांद्रे–सीप्झ अशी साडेतेहतीस किलोमीटरची तिसरी मार्गिका. तिच्या गाड्या उभ्या करण्यासाठी, धुण्यासाठी, दुरुस्तीसाठी कारशेड लागणार होती आणि तिची जागा आरेत, मिठी नदीच्या काठाला, ठरवण्यात आली. मेट्रोची गरज कल्पित नव्हती. ठाण्याहून रोज सकाळी लोकल पकडणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. सार्वजनिक वाहतूक वाढली नाही तर माणसे मरतात. आरेचा वाद ‘विकासाचे वैरी’ आणि ‘निसर्गाचे वैरी’ यांच्यातला नव्हता; असे ज्यांनी रंगवले त्यांनी दोन्ही बाजूंवर अन्याय केला. विरोध मेट्रोला नव्हता, कारशेडच्या जागेला होता. दोन रास्त गरजा एकाच भूखंडावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणून तर तो अवघड होता.

वादाच्या गाभ्याशी मात्र एक शब्द होता: वन.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की वनसंवर्धन कायद्याच्या संदर्भात ‘वन’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यावा. जमीन कोणाच्या मालकीची आहे आणि तिची नोंद काय आहे यावर सारे ठरू नये. पर्यावरणवाद्यांचे म्हणणे या निर्णयाच्या आधाराने उभे होते. आरेत बिबटे आहेत, ओढे आहेत, झाडे आहेत, राष्ट्रीय उद्यानाशी सलगता आहे. मग हे वन नव्हे तर काय? सरकारी बाजू म्हणे, ही दुग्धविकास विभागाची जमीन, वन म्हणून ती कधी अधिसूचित झालेलीच नाही. ५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले, त्यातून आरेची १६५ हेक्टर जमीन वगळण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आरेला वन घोषित करण्याची मागणी फेटाळली.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष लावलेले आहेत, हे खरेच. त्यांची कहाणी १९४९ नंतरची. कॅमेऱ्याने ज्या कमानीवर प्रेम केले ती मानवनिर्मित आहे, आणि म्हणून ‘हे जंगल नव्हे, बाग आहे’ असे म्हणणे सोपे जाते. परंतु त्या कमानीच्या मागे, उतारांवर आणि ओढ्यांकाठी जे आहे ते खुरोडींनी लावलेले नाही. पाडे दूध योजनेच्या आधीचे आहेत. वारल्यांचा वाघोबा दूध आयुक्तांच्या हुकमाने तिथे बसलेला नाही. पडद्याने रस्ता जगाला दाखवला, पण त्यामागचे दाखवले नाही. त्यामुळे चर्चा सुरू झाली तीही रस्त्याकडेच्या झाडांइतकीच उथळ मुळांची. प्रजापूर पाड्यातील कुटुंबांना कारशेडच्या कामासाठी २०१७ मध्ये हलवण्यात आले, त्याची बातमी मोठी झाली नाही. झाडांची झाली.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांबाबत मंजुरी दिली: २,१८५ तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. शहरातील झाडे तोडण्यासाठी प्राधिकरणाची परवानगी लागते ती १९७५ च्या राज्य कायद्याने. ठाण्यातही हाच कायदा लागू आहे. निर्णयाला आव्हान देणाऱ्या याचिका उच्च न्यायालयात गेल्या. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मुख्य न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्या खंडपीठाने त्या फेटाळल्या. आरे वन आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आणि राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रलंबित असल्याकडेही निकालाने लक्ष वेधले.

त्याच रात्री आरेत यांत्रिक करवती सुरू झाल्या.

दूरचित्रवाणीने या रस्त्याला दिलेली सर्वांत मोठी प्रसिद्धी ही. दशकानुदशके खोटे खून, खोटे अपघात दाखवणाऱ्या पडद्यावर त्या रात्री तोच परिसर थेट प्रक्षेपणात दिसू लागला. भ्रमणध्वनींचे दिवे लावून अंधारात धावणारी तरुण मुले, पोलिसांचे कडे, करवतींचा आवाज. सकाळपर्यंत परिसरात जमावबंदी लागू झाली, रस्ते अडवण्यात आले. एकोणतीस जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थी होते, पाड्यांतले रहिवासी होते. अटकेतल्या पुरुषांना ठाण्याच्या कारागृहात ठेवण्यात आले, महिलांना भायखळ्याच्या. ठाण्याचे कारागृह म्हणजे तोच जुना किल्ला, ज्यावरून पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज साष्टीसाठी भांडले. ६ ऑक्टोबरला त्यांना जामीन मिळाला.

कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. दसऱ्याची सुटी असतानाही त्या पत्रालाच जनहित याचिका मानून ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांच्या विशेष पीठाने सुनावणी घेतली आणि आणखी एकही झाड तोडू नये, असा आदेश दिला. तोवर २,१४१ झाडे पडली होती. चौवेचाळीस उरली होती.

पुढचा राजकीय खो-खो सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकार बदलले आणि कारशेडला स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर झाले. दोन महिन्यांत केंद्र व राज्य यांच्यातील जमिनीच्या वादात उच्च न्यायालयाने तिथले काम थांबवले. याच काळात आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याची घोषणा झाली आणि पुढे ती जमीन वनविभागाकडे गेली. म्हणजे कागदावर जे वन नव्हते त्याचा एक भाग कागदावरही वन झाला. कारशेडची जागा त्यात नव्हती. जून २०२२ अखेर पुन्हा सरकार बदलले, कारशेड पुन्हा आरेत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करण्यास मुभा दिली. प्रत्यक्षात परवानगी मागितली आणि मिळवली गेली १७७ झाडांसाठी. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले, पण काम खोळंबू नये म्हणून तोडही होऊ दिली.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेट्रो तीनच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. समारंभ ठाण्यात झाला. प्रवाशांसाठी गाड्या सुरू झाल्या त्या ७ ऑक्टोबरला. सर्वोच्च न्यायालयाने करवती थांबवल्या, त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. वरच्या टोकाच्या स्थानकाच्या नावातही ‘आरे’ आहेच.

त्याच वर्षी, १३ जुलै २०२४ रोजी, आणखी दोन कामांची पायाभरणी झाली होती: ठाणे–बोरिवली जुळा बोगदा आणि गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे. पहिला ठाण्यातून राष्ट्रीय उद्यानाखालून जाईल. दुसऱ्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे चित्रनगरीच्या बाजूने डोंगरात शिरून मुलुंडकडे निघतील. बोगदा जंगलाखालून जातो, पण त्याचे तोंड जमिनीवर असते आणि तोंडाशी झाडे असतात. चित्रनगरीतील झाडांचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच. ठाण्याच्या वाचकांनी या प्रकरणाकडे शेजारच्या घरातले भांडण म्हणून पाहू नये, याचे कारण हे.

आज आरेत जाणाऱ्याला रस्ता तसाच दिसतो. झाडे पडली ती कारशेडच्या भूखंडावर. प्रसिद्ध कमान बरीचशी शाबूत आहे. रविवारी सकाळी सायकलस्वार येतात, लग्नाआधीची छायाचित्रे काढणारी जोडपी येतात, एखाद्या वळणावर चित्रीकरणाच्या गाड्या उभ्या असतात आणि दोरी धरलेला माणूस ‘जरा थांबा’ म्हणतो. जायचे असेल तर पावसाळ्यात जावे, सकाळी जावे, गाडी कडेला लावून पायी चालावे. अंधार पडण्याआधी निघावे. बिबट्या हे इथले कथानक नव्हे. छोटा काश्मीर पाहावाच, पण तेवढे पाहून परतू नये. रस्त्यावरून आत वळणाऱ्या पायवाटा दिसतात, त्या पाड्यांकडे जातात. न बोलावता त्या वाटांनी आत शिरू नये. ती माणसांची घरे आहेत.

पाड्यांतल्या बाया मात्र स्वतःच रस्त्यावर येतात. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की झाडांच्या त्याच गाजलेल्या कमानीखाली पानांवर भाज्यांचे वाटे मांडून बसतात: शेवळं, टाकळा, कुर्डू, पुढे श्रावणात कंटोळी. हीच शेवळं त्याच आठवड्यात येऊरच्या उतारावरून खाली उतरतात आणि ठाण्याच्या बाजारात, नौपाड्यातल्या गावदेवी मंडईच्या आसपास, जुड्या बांधून विकायला येतात. घेणारी गिऱ्हाईकं भाव करतात, घशाला खाज सुटू नये म्हणून सोबत काकडं मागून घेतात, आणि जुडी पिशवीत टाकून घरी जातात.